विद्यापीठाचं ग्रंथालय: काउंटरवर नेमकं काय मिळायला हवं?

माळरान
मी तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवते. पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठात आहे. विषय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नियतकालिकांमधलं स्त्रियांचं लेखन, त्यामुळे माझं काम सुट्या पुस्तकांपेक्षा जुन्या बांधीव खंडांवर जास्त आहे. हे खंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. संगणकावर नोंद दिसते, दाखल क्रमांक दिसतो, 'उपलब्ध' असंही लिहिलेलं दिसतं. पण खंड हातात पडायची मारामार.

मागच्या महिन्यात रजा टाकून गेले. मागणी चिठ्ठी भरून दिली. काउंटरवरच्या बाईंनी ती वाचली, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे जुन्या दालनात आहे. तिथली किल्ली ज्या सरांकडे असते ते निवडणुकीच्या ड्युटीवर आहेत. सोमवारी या." मी दुरून आले आहे म्हटल्यावर त्यांनाही वाईट वाटलं, पण दुसरी किल्लीच नव्हती. येण्याआधी फोन करावा म्हटलं तर संकेतस्थळावरचा नंबर लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. किती लाख ग्रंथ आहेत यावर ग्रंथालयाची ऐपत मोजणं आता पुरे. आलेल्या माणसाला हवं ते किती वेळात मिळालं, मिळालं नसेल तर पुढे कुठे जायचं हे कुणी सांगितलं का, यावर ती मोजली पाहिजे. तुमच्या विद्यापीठात काय अनुभव आहे? आणि जे ग्रंथालयात काम करतात त्यांनी आतली बाजूही सांगावी, मला ती खरंच समजून घ्यायची आहे.

पांथस्थ
+१. किल्ली एकाच माणसाकडे असणं ही आपल्याकडची राष्ट्रीय व्यवस्था आहे. ग्रंथालय, सभागृह, शाळेची प्रयोगशाळा, कुठेही जा.

सांजवेळ
ताई, तुमचा वैताग पोचला. पण मला उलट अनुभवही सांगायचा आहे, कारण तो नोंदवला नाही तर अन्याय होईल.

एम.ए.ला असताना आमच्या ग्रंथालयात एक परिचर काका होते. पदवी वगैरे काही नाही, पण कुठल्या रॅकवर काय हे तोंडपाठ. मी लोकसाहित्यावरच्या एका पुस्तकाची चिठ्ठी दिली की ते पुस्तक आणायचेच, शिवाय शेजारची दोन आणून टेबलावर ठेवायचे. म्हणायचे, "हे कुणी मागत नाही, बघ तुला लागतंय का." त्यातलंच एक पुढे माझ्या प्रबंधाचा कणा झालं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यातली यादीही गेली. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, असं ऐकते.

नवा_अंमलदार
मी विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून कमी आणि अभ्यासिकेतला म्हणून जास्त ओळखला जायचो. एमपीएससीची तयारी तिथेच केली. खोलीवर आम्ही चौघं, एकच टेबल, वरच्या मजल्यावर बांधकाम. अभ्यासिकेत पंखा, दिवा, थंड पाणी आणि शांतता. माझ्यासाठी ग्रंथालयाची सेवा म्हणजे एवढंच, आणि ती सेवा भक्कम होती. सकाळी सातच्या आधी रांगेत उभं राहावं लागायचं ते सोडा.

तर्कट
वरच्या प्रतिसादावर थोडं कठोर लिहितो, राग मानू नये. अभ्यासिका ही सेवा आहे, पण ती ग्रंथालयाची सेवा नव्हे. जागा आणि दिव्याची सोय महापालिका करू शकते, गावचं वाचनालय करू शकतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं जे आहे ते म्हणजे संग्रह आणि तो उलगडून दाखवणारा जाणता माणूस. आज होतं असं की वाचनकक्ष गच्च भरलेला दिसतो, मूल्यांकन समिती येते, फोटो निघतात, 'वापर उत्तम' असा शेरा पडतो. त्याच वेळी आत खंडांवर धूळ आणि संदर्भ विभागाच्या खुर्चीवर कुणी नाही. गर्दीमुळे ही उणीव झाकली जाते.

नवा_अंमलदार
@तर्कट, राग नाही. पण महापालिका करू शकते आणि महापालिका करते यात फरक आहे ना साहेब. मी ज्या जिल्ह्यातून आलो तिथे एकही अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी नसते. आणि आम्ही फक्त खुर्च्या अडवत होतो असंही नाही. जुनी वर्तमानपत्रं, आर्थिक पाहणी अहवाल, जिल्हा गॅझेटियर हे सगळं मी तिथेच पहिल्यांदा हाताळलं.

उत्तरा_ह
या वादात एक गोष्ट सुटते आहे. मुलींसाठी वाचनकक्षाची वेळ हा सेवेचाच भाग आहे. आमच्याकडे वाचनकक्ष रात्री अकरापर्यंत उघडा होता, पण मुलींच्या वसतिगृहाची आत यायची वेळ त्याच्या कितीतरी आधी संपायची. कागदावर सोय सगळ्यांना सारखी, प्रत्यक्षात संध्याकाळनंतर कक्षात मुलगेच. शेवटी आमच्या ग्रंथपाल मॅडमनी वसतिगृहाच्या रेक्टरशी बोलून उशीर झाला तर वाचनकक्षाच्या प्रवेशाच्या नोंदवहीची नक्कल दाखवली तरी चालेल असं ठरवून घेतलं, आणि कक्षापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे लावायला लावले. काउंटर सोडून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत विचार करणारी ग्रंथपाल मी तेव्हा पाहिली.

शेल्फमार्क
धागा वाचला आणि राहवलं नाही. माझी नोकरी विद्यापीठ ग्रंथालयातलीच. देवघेव, नियतकालिकं, संदर्भ असे सगळे विभाग फिरून झाले आहेत. माळरान ताईंनी आतली बाजू विचारली आहे, ती सांगतो. ताईंना झालेल्या त्रासाचं समर्थन यात नाही.

पहिलं कारण, माणसं. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. कंत्राटी मुलं येतात, हुशार असतात, पण अकरा महिन्यांनी करार संपतो. सांजवेळ यांनी लिहिलेले काका असे तयार होत नाहीत, त्याला वीस वर्षं त्याच दालनात वावरावं लागतं.

दुसरं कारण फार कमी लोकांना ठाऊक असतं: हरवलेल्या पुस्तकाची भीती. ग्रंथ पडताळणीत पुस्तक सापडलं नाही की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि तो कुणाच्या तरी सेवापुस्तकाला चिकटतो. वसुलीच्या धास्तीने लोक कपाटांना कुलूप लावतात. वास्तविक केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतला नियम २१५ बघा, याबद्दल बरीच समजूतदार तरतूद आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट रास्त मानावी, मात्र ती कुणाच्या अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे नसावी. हजार रुपयांवरचा ग्रंथ किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. पन्नास हजारांच्या वर संग्रह असेल तर सगळी पुस्तकं न मोजता नमुना पडताळणीही चालते. हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत, राज्य विद्यापीठांचे आपापले लेखा नियम असतात. पण धोरण ठरवताना दाखला म्हणून दाखवायला ते फार उपयोगी पडतात. आमच्याकडे ग्रंथालय समितीपुढे ते पान ठेवल्यावरच मराठी विभागाची दालनं वाचकांना खुली झाली.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि त्याआधी गणित शिकवायचे. १२ ऑगस्टला त्यांची जयंती, ग्रंथपाल दिन म्हणून आम्ही फोटोला हार घालतो. मला वाटतं त्या दिवशी हाराबरोबर दुसरी किल्लीही करून घ्यावी.

पांथस्थ
दुसरी किल्ली! सगळ्या विद्यापीठांना परिपत्रक काढा हो कुणीतरी.

मिडवेस्टी
मी अमेरिकेत एका राज्य विद्यापीठाच्या गावात राहते. विद्यापीठाशी माझा काही संबंध नाही, नवऱ्याची नोकरीही दुसरीकडे. तरी ग्रंथालयात जाऊन बसता येतं आणि राज्याची रहिवासी म्हणून थोडी पुस्तकं घरीही आणता येतात. काउंटरवर तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही, काय शोधताय हे विचारतात.

इथल्या मोठ्या विद्यापीठांत मराठी पुस्तकं कशी येतात हेही सांगते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय आहे. १९६२ पासून ते भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवतं. आधी धान्याच्या मदतीच्या बदल्यात साठलेल्या रुपयांतून, नंतर विद्यापीठांच्या वर्गणीतून. त्यामुळे साठच्या-सत्तरच्या दशकातलं छोट्या प्रकाशकाचं मराठी पुस्तक इथे आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मिळून जातं. पुण्यातल्या बहिणीला एक पुस्तक कुठे मिळेना, मी इथे मागवून आवश्यक तेवढ्या पानांचे फोटो तिला पाठवले.

आणि शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम तुम्ही सगळे रोज वापरता, कदाचित कुणाचं ते माहीत नसेल. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, तुळपुळे हे कोश इंटरनेटवर फुकट शोधता येतात ते त्यांच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयामुळे.

कोशवेडा
@मिडवेस्टी, हे माहीतच नव्हतं! मी दिवसातून दहादा दाते-कर्वे उघडतो. सात-आठ जाडजूड खंड घरात ठेवायला जागा नाही, बायकोने आधीच ताकीद दिली आहे. मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागोच्या ग्रंथालयाच्या कृपेने माझ्या फोनात आहे तर. मराठी माणसाच्या इतक्या कामी येणारी दुसरी सेवा कुठल्या विद्यापीठ ग्रंथालयाची असेल असं वाटत नाही.

तर्कट
सगळं मान्य, पण अमेरिकेशी तुलना करून पुढे काही निघत नाही. तिकडचं अंदाजपत्रक वेगळं, मनुष्यबळ वेगळं. आपल्याकडे काय आहे त्यावर बोलू.

मिडवेस्टी
@तर्कट, पैशाचं खरं आहे. पण 'काय शोधताय' हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

बडोदेकर
तर्कटराव, आपल्याकडचंच सांगतो. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बडोद्यात आणलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. ज्यांना गावात वाचनालय नाही त्यांच्यासाठी पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. म्हणजे वाचक येईल तेव्हा बघू असं न म्हणता पुस्तकच त्याच्या गावी धाडायचं, हा विचार आपल्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वी अमलात आला होता. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हंसा मेहता यांचं नाव आहे, त्या इथल्या कुलगुरू होत्या. तिथल्या मराठी कपाटांसमोर मी तासन्‌तास उभा राहिलेलो आहे. गुजरातेतल्या विद्यापीठात इतकं मराठी बघून नव्या मुलांना नवल वाटतं.

अवांतर: पेट्यांमधून पुस्तकं फिरवण्याची ती पद्धत आजच्या संलग्न कॉलेजांना जशीच्या तशी लागू पडेल. विद्यापीठाची परीक्षा विभागाची गाडी कॉलेजांना जातेच, उत्तरपत्रिकांबरोबर चार पुस्तकं गेली तर काय बिघडेल?

टपरी
उत्तरपत्रिकांच्या गाडीतून पुस्तकं आली तर मुलं गठ्ठा फोडायच्या आधी दहा वेळा विचार करतील हो!

तिसवाडी
गोव्याहून. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह आहे. पोर्तुगीज आणि मराठा संबंधांवर काम करायचं तर त्याला पर्याय नाही. अशा संग्रहांच्या बाबतीत 'काउंटर' शब्द तोकडा पडतो. तिथे वाचकाला नुसतं पुस्तक देऊन भागत नाही. पोर्तुगीज नोंद कशी वाचायची, एकच गाव तीन वर्तन्यांनी कसं येतं, पुराभिलेखागारात पुढचा कागद कुठला बघायचा, हे सांगणारं कुणी लागतं. शिवाय पणजीच्या पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ १८३२ सालचं. आम्ही लोक या दोन्हीकडे आलटून पालटून जातो. विद्यापीठातल्या माणसाने 'हे आमच्याकडे नाही, पण पणजीत मिळेल' एवढं सांगितलं तरी अर्धा दिवस वाचतो. माळरान यांच्या मूळ मुद्द्यातलं 'पुढे कुठे जायचं' मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं.

श्रवणवाचक
मला दिसत नाही. हा धागाही मी पडदावाचकावरच, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतो आहे. एनव्हीडीए नावाचा पडदावाचक फुकट आहे, मराठी वाचतो, ग्रंथालयाला त्यासाठी रुपयाही लागत नाही.

माझी अडचण अशी. ग्रंथालय आनंदाने पुस्तक स्कॅन करून देतं, पण ती नुसती चित्रं असतात. माझ्या यंत्राला त्यात अक्षरं सापडत नाहीत, ते 'रिकामं पान' म्हणून पुढे जातं. अक्षरओळख करून दिलेली फाईल हवी. ते करताना काही जण प्रताधिकाराची शंका काढतात. त्यासाठी सांगून ठेवतो, की प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशा स्वरूपात प्रत तयार करायला मुभा मिळाली. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणाऱ्या देशांत भारत सगळ्यात पहिला, २०१४ मध्ये. कायदा आमच्या बाजूने आहे, काउंटरवर त्याची माहिती पोचलेली नाही.

जिथे मी शिकलो तिथे ग्रंथालयातल्या एका ताईंनी एकदा नीट समजून घेतलं आणि नंतर प्रत्येक फाईल देण्याआधी स्वतः एनव्हीडीए लावून पहिली दोन पानं ऐकायच्या. जोडाक्षरं तुटली असतील तर परत करायच्या. मी आज शिकवतो आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

उत्तरा_ह
@श्रवणवाचक, हे वाचून फार बरं वाटलं. फाईल द्यायच्या आधी स्वतः ऐकून बघणं, याला म्हणतात सेवा.

संगणकी
शोधण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुष्कळदा पुस्तक असतं, पण सापडत नाही कारण नोंद चमत्कारिक असते. मराठी पुस्तकांच्या नोंदी सुरुवातीला रोमन लिपीत घातल्या गेल्या, प्रत्येक नोंदकाराने आपापल्या कानाप्रमाणे. 'शिक्षण' तीन-चार वर्तन्यांनी सापडेल, 'ज्ञान' तर विचारूच नका. पुढे युनिकोड आल्यावर नव्या नोंदी देवनागरीत झाल्या, जुन्या तशाच राहिल्या. म्हणजे देवनागरीत शोधलं तर अलीकडची पुस्तकं, रोमनमध्ये शोधलं तर जुनी. कोहासारख्या ग्रंथालयाच्या मुक्त संगणक प्रणालीत दोन्ही लिप्या शेजारी ठेवायची सोय आहे, मार्क नोंदीत (संगणकावरच्या ग्रंथनोंदीचा ठरलेला साचा) मूळ लिपीसाठी ८८० क्रमांकाचं क्षेत्रच राखून ठेवलेलं आहे. फक्त बसून भरायला माणूस हवा.

तोवर वाचकांनी करायची युक्ती: जिथे ड्युई वर्गीकरण (विषयाप्रमाणे पुस्तकांना अंक देण्याची पद्धत) आहे तिथे वर्गांकाने शोधा. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यात १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. वर्तनीचा घोळ तिथे आड येत नाही.

सांजवेळ
ही युक्ती मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवी होती.

तर्कट
@संगणकी, उत्तम माहिती. आता माळरान यांच्या प्रश्नावर माझं उत्तर: माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. जुन्या दालनाची किल्ली कुणाकडे असते, पर्यायी व्यवस्थेचा आदेश आहे का, गेल्या वर्षी किती मागणी चिठ्ठ्या परत गेल्या. तीन ओळींचा अर्ज. हलतात बघा सगळे.

शेल्फमार्क
@तर्कट, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. त्या अर्जाचं उत्तर लिहायला बसणार कोण? काउंटरवरच्या त्याच बाई. आधीच एका माणसावर तीन टेबलं असतात. अर्ज आला की जो तो कागदाला धरून चालायला लागतो, मग सवडीने शोधून देणं बंद होतं. आकडे मागायचेच असतील तर ग्रंथालय समितीवरच्या प्राध्यापकामार्फत मागा. परत गेलेल्या चिठ्ठ्यांची नोंद ठेवायला लावणं ही मात्र तुमची सूचना सोन्यासारखी आहे. आम्ही दिलेल्या पुस्तकांची मोजदाद करतो, न देता आलेल्यांची नाही. ती नोंद असेल तर पद भरायची मागणी पुराव्यासकट करता येते.

तर्कट
पटलं. समितीचा मार्ग आधी.

टपरी
गंभीर चर्चेत एक हलकं. आमच्या वर्गातला एक मित्र पदवीच्या शेवटी ना-देय प्रमाणपत्र घ्यायला गेला आणि तिथेच रमला. 'इथे एवढी पुस्तकं आहेत होय!' म्हणत एम.लिब.ला प्रवेश घेतला. आज तो ग्रंथपाल आहे आणि प्रथम वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ग्रंथालय फिरवून आणतो, म्हणतो की माझ्यासारखं शेवटच्या दिवशी येऊ नका.

नवा_अंमलदार
हे खरंच व्हायला पाहिजे. आम्हाला पहिल्या आठवड्यात फक्त ओळखपत्राचा फोटो काढायला नेलं होतं. ई-नियतकालिकं, घरबसल्या प्रवेश वगैरे असतं हे नोकरी लागल्यावर कळलं.

माळरान
एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, सगळ्यांची आभारी आहे. शेल्फमार्क सर, हरवलेल्या पुस्तकाच्या भीतीचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे. काउंटरवरच्या बाई इतक्या जपून का बोलत होत्या ते आता कळलं. अभ्यासिकेच्या वादात मी मधे पडत नाही, दोन्ही हव्यात असंच म्हणेन, पण संदर्भ विभागाची खुर्ची रिकामी ठेवून अभ्यासिका वाढवू नये हे तर्कट यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

आता माझी विचारणा. एक, मी कॉलेजातूनच काय काय मिळवू शकते? दोन, दुसऱ्या विद्यापीठांतले किंवा मुंबईतले खंड बघायचे तर बाहेरच्या व्यक्तीला आत घेतात का?

शेल्फमार्क
ताई, क्रमाने लिहितो.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर प्रबंध पूर्ण वाचता येतात, लॉग-इन लागत नाही. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंधाची डिजिटल प्रत देणं आलं, त्यामुळे त्यानंतरचं बरंच तिथे आहे. मराठी प्रबंधांत एक अडचण येते. कित्येक जुन्या बिगर-युनिकोड फाँटात टंकलेले आहेत, म्हणून आतला मजकूर शोधता येत नाही. शीर्षक आणि मार्गदर्शकाच्या नावाने शोधा, मग संदर्भसूची वाचा. तुमच्या विषयाच्या खंडांचे ठावठिकाणे तिथेच मिळतील.

तुमचं कॉलेज अनुदानित असेल तर एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणारी योजना) सदस्यत्व आहे का ते तुमच्या ग्रंथपालांना विचारा. प्रत्येक शिक्षकाला वेगळं लॉग-इन मिळतं, घरूनही चालतं. विद्यापीठाच्या बाजूने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीची योजना आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले, जानेवारी २०२५ पासून ते सुरू झालं. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. तुम्ही विद्यापीठात नोंदणी केलेल्या संशोधक आहात, तेव्हा परिसराबाहेरून वापरण्यासाठी खातं उघडून द्या असा ई-मेल करा. पण यात तुमचे एकोणिसाव्या शतकातले मराठी खंड मिळणार नाहीत, ही सगळी चालू काळातली आंतरराष्ट्रीय नियतकालिकं. जुन्या मराठी नियतकालिकांना कपाटापर्यंत जाण्यावाचून मार्ग नाही. म्हणूनच त्या दालनाच्या किल्लीचं महत्त्व.

बाहेरच्या व्यक्तीबद्दल: बहुतेक विद्यापीठांत मार्गदर्शकाचं किंवा आपल्या ग्रंथपालाचं पत्र आणि ओळखपत्र दाखवलं की आत बसून वाचू देतात. घरी न्यायला मात्र देत नाहीत. काही ठिकाणी दिवसाची थोडी फी असते. मुंबई विद्यापीठाची दोन ठिकाणं लक्षात ठेवा, फोर्टमधलं राजाबाई टॉवरचं जुनं ग्रंथालय आणि कालिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. हवा तो खंड कुठे आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर फोर्ट ते कालिना लोकलचा प्रवास व्हायचा. फोर्टला गेलात तर वाचनदालनाच्या रंगीत काचा जरूर बघा. १८७८ ची इमारत, प्रेमचंद रायचंद यांची देणगी, मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही यादीत ठेवा.

आणि जाण्याआधी ई-मेलमध्ये खंडाचं नाव, वर्ष आणि दाखल क्रमांक लिहा. 'जुने अंक बघायचे आहेत' एवढंच लिहिलं तर ते पत्र तीन टेबलं फिरतं. दाखल क्रमांक असेल तर परिचर खंड आदल्या दिवशी काढून ठेवू शकतो.

बडोदेकर
बडोद्याचंही लिहून ठेवा. त्या काळातली मराठी नियतकालिकं इथे येत असत, संस्थानाचा आश्रयच होता. पत्र घेऊन या, मी स्वतः सोबत येईन. आमच्या घरी उतरा, सौ.ला मराठवाड्याकडची पाहुणी आली की आनंदच होतो.

माळरान
बडोदेकर काका, नक्की! मराठवाडा बरोबर ओळखलात, बोलण्यातून की लिहिण्यातून?

बडोदेकर
'मारामार' लिहिलंत तिथेच अंदाज केला, खरं-खोटं देव जाणे. या तर खरं.

श्रवणवाचक
शेल्फमार्क सर, एक विचारू का? जुन्या खंडांचं स्कॅनिंग तुमच्याकडे होतं आहे का? होत असेल तर सुरुवातीपासूनच अक्षरओळख करून घ्या ना. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ओळख चुकते हे मला माहीत आहे, पण चुकीसकट मजकूर मिळाला तरी माळरान ताईंना शोधता येईल आणि मला ऐकता येईल. मुद्रितशोधनाला आम्ही काही जण फुकट मदत करू.

शेल्फमार्क
@श्रवणवाचक, दुर्मीळ संग्रहाचं स्कॅनिंग सुरू आहे, अक्षरओळखीचा टप्पा मात्र निविदेत धरलेलाच नव्हता. पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, त्यात हा विषय मांडतो. तुम्ही अडचण जशी इथे लिहिलीत तशीच एका पानावर लिहून मला निरोपातून पाठवा, टिपणाला जोडतो. एनव्हीडीए 'रिकामं पान' म्हणतं ते वाक्य त्यात असू द्या.

संगणकी
मुद्रितशोधनाच्या यादीत माझं नाव घाला. ८८० च्या नोंदी भरायलाही शनिवारी येऊ शकतो, आत सोडणार असाल तर.

शेल्फमार्क
पत्र आणि ओळखपत्र घेऊन या. किल्लीची व्यवस्था मी करतो.